धर्मग्रंथालयाचे कपाट आणि आपले पुस्तक

पुस्तक कपाटात कुठे ठेवले आहे, हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय? आमचे प्रस्थापित समीक्षक नाही म्हणतील. त्यांच्या लेखी समीक्षा पुस्तक उघडल्यावर सुरू होते. माझे म्हणणे असे की ती त्याआधीच सुरू झालेली असते. पुस्तकाच्या पाठीवर जो क्रमांक चिकटवला जातो, ते त्या पुस्तकाविषयीचे पहिले मत असते. फक्त ते मत देणारा सही करीत नाही.

हे शहाणपण मला कट्ट्याला आले. मालवणहून कसालकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे आमचे कट्टा हे आजूबाजूच्या वाड्यांचे बाजाराचे ठिकाण. मी जन्मभर मास्तरकी केली, आणि तिच्याबरोबर शाळेच्या ग्रंथालयाचा चार्ज गळ्यात पडला तो निवृत्तीपर्यंत राहिला. पुढे वाडीतल्या मंडळींनी विहाराची पुस्तके माझ्या ताब्यात दिली. चौदा एप्रिलला भेट आलेली, सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या स्टॉलवरून कुणीकुणी आणलेली, अशी चार-साडेचारशे पुस्तके होती. मग एक ट्रंक आली. वरळीच्या बी.डी.डी. चाळीत राहून गिरणीत उमर काढलेला वाडीचा एक चाकरमानी वारला होता. १९८२ च्या संपात त्याची नोकरी गेली. वाचन गेले नव्हते. मुलांनी खोली आवरताना ट्रंक गावी पाठवली. तिच्यात ‘प्रबुद्ध भारत’चे सुटे अंक होते, वंदनेच्या पुस्तिका होत्या, खैरमोड्यांच्या आंबेडकर-चरित्राचे दोन खंड, एक मराठी नवा करार, एक ज्ञानेश्वरी, आणि भाषांतरासह मनुस्मृती, तिच्या पानापानावर पेन्सिलीच्या खुणा. सगळ्यांत वर कापडात बांधलेले ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’.

पुस्तके पुसून द्यायला आमच्या वाडीतली आक्का बसली होती. तिने ते पुस्तक दोन्ही हातांनी उचलले आणि विचारले, “गुरुजी, ह्यां खंय ठेवतल्यात? देवाच्या फडताळात की कायद्याच्या?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि मिटले. धर्मग्रंथांच्या ग्रंथालयांविषयी मी आजवर जे वाचले, त्यात इतका नेमका प्रश्न कुणी विचारलेला मला आढळला नाही. कारण बाबासाहेबांनी ह्याच ग्रंथाच्या चौथ्या भागात धर्म आणि धम्म यांतला भेद सांगितला आहे. धर्म ही माणसाची खाजगी बाब मानली जाते. धम्म हा मुळातच सामाजिक आहे. दोन माणसे जिथे आली तिथे तो आलाच, एकटा माणूस असेल तर त्याची गरज नाही, असा त्या विवेचनाचा आशय. जो ग्रंथ ‘मी धर्म नव्हे’ असे सांगतो, त्याला ‘धर्म’ अशी पाटी लावलेल्या कपाटात ठेवणे म्हणजे तो वाचण्यापूर्वीच खोडून काढणे होय. तरीही जगातल्या बहुतेक ग्रंथालयांत तो तिथेच आहे. ड्यूईच्या दशांश पद्धतीप्रमाणे त्याचा क्रमांक येतो २९४.३. म्हणजे काय, तर इतर धर्म, त्यातले भारतीय उगमाचे, त्यातला बौद्ध.

‘इतर’ हा शब्द येथे थांबून वाचला पाहिजे. मेल्विल ड्यूई ह्या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. (बाबासाहेबांचे गुरू जॉन ड्यूई, ते वेगळे. नावामुळे आमच्या विद्यार्थ्यांची फसगत होते.) धर्म ह्या विषयाला तिने २०० ते २९९ असे शंभर क्रमांक दिले. त्यांपैकी २२० ते २८९ हे सत्तर क्रमांक बायबल आणि ख्रिस्ती धर्म यांचे. राहिलेले जग, म्हणजे बौद्ध, जैन, हिंदू, शीख, यहुदी, इस्लाम, सगळे २९० च्या एका खोलीत. एका कुटुंबाला सात खोल्यांचा वाडा आणि बाकी गावाला एक पडवी! अलीकडे पद्धतीच्या चालकांनी पर्यायी मांडणी देऊ केली आहे. पण पाठीवर एकदा चिकटवलेला क्रमांक बदलायचा तर हजारो पुस्तके खाली उतरवावी लागतात, आणि तेवढे मनुष्यबळ कुठल्या ग्रंथालयाकडे असते? जुनी विषमता टिकते ती पुष्कळदा कुणी तिचे समर्थन करतो म्हणून नव्हे. ती बदलणे खर्चाचे असते म्हणून टिकते.

ह्या ड्यूईचे एक चरित्र आमच्या वाचकांना ठाऊक असावे. त्याने लेक प्लॅसिड येथे एक क्लब काढला होता आणि त्या क्लबात ज्यूंना मज्जाव होता. १९०५ साली न्यूयॉर्कमधल्या ज्यू पुढाऱ्यांनी त्याविरुद्ध अर्ज केला. राज्य-ग्रंथपालाच्या पदावरून त्याला पुढे पायउतार व्हावे लागले. अमेरिकन ग्रंथालय संघटनेने आपल्या पदकाला असलेले त्याचे नाव काढले ते २०१९ साली. ज्याच्या क्लबाच्या दारावर पाटी होती, त्याच्या वर्गीकरणात पडवी असावी, ह्याचे पाणवठ्यावरून परतवल्या गेलेल्या समाजाला आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

परंतु येथे एक गफलत टाळली पाहिजे. ख्रिस्ती सेमिनरीच्या ग्रंथालयात ख्रिस्ती पुस्तकांना जास्त जागा असणे हा अन्याय नव्हे. त्यांचा अभ्यास तोच आहे. न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत ज्युलिया पेटी ह्या बाई १९०९ पासून ग्रंथालय लावीत होत्या. ड्यूईची पद्धत त्यांना पुरेना, म्हणून त्यांनी धर्मशास्त्रीय संग्रहासाठी स्वतंत्र वर्गीकरण रचले, आणि त्याची सुधारलेली आवृत्ती १९३९ साली निघाली. पुष्कळ सेमिनरींनी ते वापरले. ही सेमिनरी कोलंबिया विद्यापीठाला लागूनच आहे. १९१३ ते १९१६ ह्या काळात एका बाजूला आमचा एक तरुण जुन्या पुस्तकांची दुकाने पालथी घालीत होता आणि हाकेच्या अंतरावर एक बाई देवाच्या पुस्तकांना क्रमांक देत होत्या. दोघांची भेट झाली असे मी म्हणत नाही, पण मला हे चित्र आवडते. पेटीबाईंचे काम प्रामाणिक होते. आपल्या वाचकाला काय लागते हे पाहून त्यांनी कपाटे लावली. माझा प्रश्न असा, की त्या वाचकांत आम्ही कधी धरले गेलो काय? की आम्ही फक्त पुस्तकातला मजकूर होतो?

ह्याचे उत्तर देणारा पुरावा महाराष्ट्रात आहे, आणि तो १८५५ सालचा आहे. फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे ह्या मांग समाजातल्या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदय’मध्ये १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ ह्या दोन अंकांत छापला गेला. ‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मराठी मिशनचे पत्र, १८४२ साली तेव्हाच्या अहमदनगरला सुरू झालेले. आज दलित साहित्याच्या इतिहासात हा निबंध पहिल्या पानावर आहे. तो उरला कसा? मिशनने आपल्या पत्राच्या फायली बांधून जपल्या म्हणून उरला. हे ऋण मान्य केले पाहिजे. आमच्या पूर्वजांची अक्षरे त्यांच्या कपाटात टिकली. पेशव्यांच्या वारसांच्या कपाटात टिकली नसती.

मात्र टिकणे वेगळे आणि सापडणे वेगळे. मी तरुणपणी घाटावरच्या एका सेमिनरीत हा निबंध मुळातून पाहायला गेलो होतो. तिचे नाव सांगण्याचे कारण नाही. तिच्यासारख्या आणखी असतील. ग्रंथपाल भला माणूस. पण तालिकापत्रांच्या खणांत ‘साळवे’ नव्हते, ‘मांग’ नव्हते, ‘अस्पृश्य’सुद्धा नव्हते. होते ते ‘मिशन, नियतकालिके’. मला वर्ष आणि तारीख ठाऊक होती म्हणून त्याने बांधीव फाइल आणून दिली. ठाऊक नसती तर? दीड दिवस बसून मी ती चाळली. त्याच फायलीत मला आणखी दोन ठिकाणी आमच्या लोकांची पत्रे दिसली. त्यांचीही नोंद कुठे नव्हती.

ड्यूईच्या पद्धतीत मिशनकार्याचा क्रमांक २६६. ख्रिस्ती चर्च बाहेरच्या जगात काय काम करते, तो हा विषय. मुक्ता साळवेचा निबंध त्या कपाटात जातो तेव्हा त्याचा अर्थ काय होतो, ते पाहा. तिने विचारले होते की वेद जर एकट्या ब्राह्मणांचे, तर आमचे धर्मपुस्तक कोणते? आणि ज्याला धर्मपुस्तक नाही, त्याला धर्म आहे असे तरी कसे म्हणावे? हा धर्मशास्त्राचा प्रश्न आहे, आणि भल्याभल्या धर्ममार्तंडांनी तो विचारण्याची हिंमत केलेली नाही. त्याची जागा धर्मचिकित्सेच्या कपाटात, थेट पहिल्या फळीवर. पण तो पडला २६६ मध्ये, म्हणजे मिशनच्या कामगिरीचा दाखला म्हणून. प्रश्न विचारणारी मुलगी तिथे विचारवंत राहत नाही, ती लाभार्थी होते. ग्रंथालयशास्त्रात ह्यावर साधा उपाय आहे: नियतकालिकातल्या प्रत्येक महत्त्वाच्या लेखाची लेखकाच्या नावाने स्वतंत्र नोंद करणे. काम कंटाळवाणे आहे, एवढेच. आणि कुणाच्या लेखाला ‘महत्त्वाचा’ म्हणायचे, हे कुणीतरी ठरवावे लागते.

हे ठरवणारी एक बाई अमेरिकेत होऊन गेली. डोरोथी पोर्टर तिचे नाव. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाला १९१४ साली जेसी मूरलँड ह्या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाने आपला ग्रंथसंग्रह दिला होता. १९३० पासून तो संग्रह पोर्टरबाईंकडे आला. त्या वेळच्या गोऱ्या ग्रंथालयांत काळ्या माणसाचे कुठलेही पुस्तक दोनच ठिकाणी जाई: ३२६, म्हणजे गुलामगिरी, नाहीतर ३२५, म्हणजे वसाहत. कवितासंग्रह असला तरी तिथेच! पोर्टरबाईंनी हे नाकारले. कविता कवितेत, इतिहास इतिहासात, धर्म धर्मात, अशी त्यांनी मांडणी केली. १९७३ पर्यंत त्या हे काम करीत होत्या. ब्लॅक साहित्याशी आमचे नाते आपण १९७२ च्या दलित पँथरपासून सांगतो आणि कवींची नावे घेतो. ह्या ग्रंथपाल बाईंचे नाव आपल्या भाषणांत मी ऐकलेले नाही.

आणि आपल्याकडे? मी पाहिलेल्या एका महाविद्यालयात ‘बलुतं’ आणि ‘उपरा’ समाजशास्त्राच्या कपाटात होते, ‘सामाजिक प्रश्न’ ह्या पाटीखाली. शेजारच्या कपाटात ‘मराठी साहित्य, आत्मचरित्र’ अशी पाटी होती आणि तिथे नटांची, न्यायाधीशांची आणि शिक्षणमहर्षींची आत्मचरित्रे नांदत होती. त्यांचे जगणे साहित्य. आमचे जगणे माहिती. मी तिथल्या ग्रंथपालाला विचारले. तो म्हणाला, “सर, मुले संदर्भासाठी नेतात ना, म्हणून.” त्याच्या मनात वाईट काही नव्हते. सवय होती.

सेमिनरींच्या आतही हा झगडा झाला आहे. अरविंद निर्मळ हे मराठी माणूस. १९८१ साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी शूद्र धर्मशास्त्राची मांडणी करणारे व्याख्यान दिले; पुढे मद्रासच्या गुरुकुल कॉलेजात दलित धर्मशास्त्राचा विभागच उभा केला. भारतातल्या ख्रिस्ती समाजात बहुसंख्य दलित, आणि धर्मशास्त्र मात्र ब्राह्मणी वेदान्ताशी संवाद करण्यात गुंतलेले, हा त्यांचा आक्षेप. आता त्यांचे पुस्तक ग्रंथपालाच्या टेबलावर येते. २३० हा सिद्धांताचा क्रमांक, २६१ हा समाज आणि धर्म यांच्या संबंधाचा. कुठला द्यावा? २६१ दिला की दलितांचे दुःख हा चर्चपुढचा एक प्रश्न होतो, दारू आणि बेकारी यांच्या शेजारचा. २३० दिला की देव कोण, हेच त्या दुःखातून नव्याने विचारावे लागते. निर्मळांना काय अभिप्रेत होते हे उघड आहे. पण एका अंकाच्या फरकाने त्यांचा विद्रोह समाजकार्य होऊ शकतो.

कुणी म्हणेल, हे सारे परदेशी पद्धतींचे दोष. आपल्या रंगनाथनांची द्विबिंदू पद्धत घ्या. रंगनाथनांबद्दल मला आदर आहे. पुस्तके वापरासाठी असतात, जपून ठेवण्यासाठी नव्हेत, हे त्यांनी १९३१ साली सांगितले आणि ते आमच्या विहारांच्या दारावर लिहिण्यासारखे आहे. पण त्यांच्या १९३३ च्या पद्धतीत धर्माचे कोष्टक पाहा. पहिला क्रमांक वैदिक धर्माला, दुसरा वेदोत्तर हिंदू धर्माला, तिसरा जैन, चौथा बौद्ध, मग यहुदी, ख्रिस्ती, इस्लाम. ख्रिस्ती वाड्याची मक्तेदारी मोडली हे खरे, पण उंबरठ्यावर वेद बसले. आणि वेद न मानणारा, वेद ऐकायचीही बंदी असलेला जो बहुजन ह्या कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिला, त्याचा धर्म कुठे? आमच्या मालवणी मुलखात गावऱ्हाटी आहे, राखणदार आहेत, देवचार आहेत, वेतोबा आहे. त्या गावऱ्हाटीत आमच्या आजोबांच्या वाट्याला मानाच्या नावाखाली राबणूक होती. १९५६ नंतर आमच्या लोकांनी ती टाकली. ती टाकण्यासाठी काय सोसले, ह्याचा एक कागद कुठल्या ग्रंथालयात नाही. जे कागद आहेत ते ‘लोकसाहित्य’ ह्या क्रमांकाखाली, गोष्टी आणि उखाणे यांच्या सोबत. पुस्तकातून आला तो धर्म, तोंडातून आली ती लोककथा. ही वाटणी कुणी केली?

म्हणून मी आपल्याच परंपरेत मागे वळून पाहिले, आणि मला एक गोष्ट सापडली. तिपिटक ह्या शब्दातच ग्रंथालय आहे. पिटक म्हणजे टोपली. विनय, सुत्त, अभिधम्म अशा तीन टोपल्या. सुत्तांची मांडणी कशी, तर लांब सुत्ते दीघ निकायात, मध्यम लांबीची मज्झिम निकायात, विषयवार जुळवलेली संयुत्तात, आणि एकाचे, दोनांचे, तीनांचे असे अकरापर्यंत चढत जाणारे अंगुत्तर निकायात. पाठ करणाऱ्या भिक्खूंना लक्षात ठेवायला सोपे जावे म्हणून ही रचना. दीघ पाठ करणारे ते दीघभाणक, मज्झिम पाठ करणारे मज्झिमभाणक. लेखनात हे उतरले ते पुष्कळ उशिरा, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, श्रीलंकेत. वर्गीकरण वापरणाऱ्याच्या सोयीने केले. देवाच्या दर्जाने नव्हे.

थेरगाथा घ्या. तिथे भिक्खूंच्या गाथा संख्येनुसार लावल्या आहेत: एक गाथा रचणारे एकीकडे, दोन रचणारे पुढे. बारा गाथांच्या वर्गात दोनच थेर आहेत, सीलव आणि सुनीत. अट्ठकथा सांगते की सीलव हा मगधाच्या बिंबिसार राजाचा मुलगा. आणि सुनीत स्वतः सांगतो की तो नीच मानलेल्या कुळात जन्मला, वाळकी फुले झाडून टाकण्याचे काम करीत होता. राजपुत्र आणि झाडूवाला एका टोपलीत शेजारी शेजारी, कारण दोघांच्या गाथा बारा! झाडूवाल्यांच्या गाथा असा वेगळा विभाग कुणी केला नाही. थेरीगाथेत सोळा गाथांच्या वर्गात दासी पुण्णिका आहे. थंडीत नदीत बुडी मारून पाप धुऊ पाहणाऱ्या ब्राह्मणाला ती सवाल करते. ती त्या वर्गात एकटी आहे. मोजणी हा फार कोरडा निकष वाटतो. पण जिथे प्रत्येक मानाच्या निकषात जात लपलेली असते, तिथे मोजणीइतका न्यायी निकष मला तरी दुसरा दिसत नाही.

एवढे बोलून झाल्यावर आपल्या विहारांकडे वळले पाहिजे, आणि हे वळणे सुखाचे नाही. सेमिनरीने मुक्ता साळवेचे नाव नोंदवले नाही, पण फाइल जपली. आम्ही काय जपले? किती विहारांत दाखल नोंदवही आहे? महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली काढलेले बाबासाहेबांचे इंग्रजी खंड आमच्याकडे काचेच्या कपाटात आहेत. त्यांना हार आहे, कुलूप आहे, आणि किल्ली मुंबईला गेलेल्या अध्यक्षांकडे आहे. खंड दुर्मिळ आहेत हे खरे. त्यांची छपाई रखडली म्हणून २०२१ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली, इतके दुर्मिळ. तरीही कुलपातले पुस्तक आणि रखडलेले पुस्तक यांत वाचकाच्या दृष्टीने फरक कोणता? ज्या ग्रंथाच्या मराठी भाषांतरकारांत सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल शां. शं. रेगे होते, तो ग्रंथ आम्ही पूजेला लावला.

आणि नियतकालिके तर आम्ही रद्दीत घातली. ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’, पुढची लघुनियतकालिके, परिषदांच्या स्मरणिका, जलशांच्या पुस्तिका. स्वस्त वर्तमानपत्री कागद, तो पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. त्यात आमची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. कसर, वाळवी, बुरशी. कपाट चिऱ्याच्या भिंतीला टेकवू नये, वीतभर पुढे ठेवावे. अंक उभे न ठेवता आडवे ठेवावेत. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, ती दहा वर्षांत अक्षर खाते. पाऊस सरल्यावर सावलीत, वाऱ्यावर उघडून ठेवावे. एवढ्याने पुष्कळ वाचते. छापले म्हणजे राहिले, हा भ्रम आहे. कट्ट्यापासून फार दूर नसलेल्या गोव्यात, राचोलला १६१६ साली फादर स्टीफन्सचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, पुढे आणखी दोनदा छापले गेले, आणि त्यांतली एकही छापील प्रत आज हाती नाही. जे उरले ते वाचणाऱ्यांनी हाताने उतरवलेल्या पोथ्यांतून उरले. १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापता आले ते त्यांच्यामुळे.

ट्रंकेतल्या मनुस्मृतीवरून आमच्याकडे वाद झाला. वाडीतले दोन तरुण कार्यकर्ते म्हणाले, ही विहारात नको. महाडला १९२७ च्या २५ डिसेंबरला जी जाळली ती आम्ही कपाटात ठेवायची? त्यांचा संताप मी समजू शकतो, तो माझाही आहे. पण महाडला जाळली ती सत्ता. पुस्तक बाबासाहेबांनी आयुष्यभर हाताशी ठेवले. शूद्र कोण होते ह्याचा शोध घेताना पानोपानी त्यातले आधार दिले. शत्रूचा दस्तऐवज नष्ट केला तर खटला कशावर चालवणार? शिवाय त्या प्रतीवर एका गिरणी कामगाराच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. रात्रपाळी करून आलेला माणूस वरळीच्या खोलीत बसून मनूशी भांडत होता. त्या खुणा हे आमचे भाष्य आहे, त्याला कुठल्या वर्गीकरणात क्रमांक नाही. मी म्हटले, ठेवायची; पण धर्मात नाही. ड्यूई तिला हिंदू धर्मशास्त्रग्रंथांत ठेवतो. आम्ही ती कायद्यात ठेवली. तिच्या एका बाजूला १९३७ साली बाबासाहेबांनी मांडलेल्या खोती विधेयकावरची पुस्तिका आणि दुसऱ्या बाजूला संविधान. दोघे तरुण अजून पूर्ण पटलेले नाहीत. एकाने मात्र परवा ती वाचायला नेली.

आक्काच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे दिले. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ समाज ह्या कपाटात लावले आणि त्याची तालिकापत्रे तीन केली: एक समाजात, एक धम्मात, एक कायद्यात. कुणी कुठूनही आले तरी पुस्तक सापडावे. आक्काला हे मान्य झाले. फक्त कापड काढू नका म्हणाली. कापड ठेवले आहे, कुलूप काढले आहे. नवा करार आणि ज्ञानेश्वरी धर्म ह्या फळीवर शेजारी शेजारी आहेत. तिथे ‘इतर’ अशी पाटी नाही.

अंकांच्या नोंदींचे काम मी आणि बी.ए.ला शिकणारी वाडीतली एक मुलगी मिळून करतो. ‘ज्ञानोदय’ आमच्याकडे नाही. मी तेव्हा आणलेली, पिशवीत राहिलेली झेरॉक्स आहे. तरी तिचे पत्र केले. वर लिहिले ‘साळवे, मुक्ता’. खाली निबंधाचे नाव, पत्राचे नाव, दोन तारखा. विषयाच्या ओळीवर ती अडली. शिक्षण लिहू, की स्त्रिया, की जाती? मी काही बोललो नाही. तिने झेरॉक्स पुन्हा वाचली आणि लिहिले: धर्मचिकित्सा. झेरॉक्सची शाई आता पुसट होत चालली आहे, काही ओळी भिंगाशिवाय दिसत नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत ती आणि तिची मैत्रीण तो निबंध हाताने उतरून काढणार आहेत. वही मी कट्ट्याच्या बाजारातून आणून ठेवली आहे, जाड कागदाची.